इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करायचंय? मग देश सगळ्यात शेवटी ठरव

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा लिहितो: सीजीपीए ७.८, पहिल्या वर्षी गणिताचा एक विषय राहिला होता तो पुढच्या परीक्षेत सुटला. वडील महावितरणमध्ये, निवृत्तीला चार वर्षं. वडील म्हणतात गेट दे, म्हणजे एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा. मावसभाऊ जर्मनीत आहे, तो म्हणतो इकडे ये. एका काउन्सेलरने अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांची यादी हातात ठेवली आहे. ‘मॅडम, कुठे जाऊ? आणि पॉवर घेऊ की व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइन?’

तुझं पत्र दोनदा वाचलं. भारत, जर्मनी, अमेरिका यांची तुलना त्यात दोन पानं आहे, आणि इलेक्ट्रिकलमधलं तुला नेमकं काय आवडतं याबद्दल एकही ओळ नाही. यात तुझा दोष नाही. क्लासवाले, नातेवाईक, सीनियर, सगळेच देशापासून सुरुवात करतात, कारण देशाबद्दल कुणालाही बोलता येतं. मी क्रम उलटा लावायला सांगते. कुठलं काम करायचं ते आधी ठरव, मग त्या कामाला लागणारा विषय, मग त्या विषयात आज खरोखर काम करणारे प्राध्यापक आणि त्यांची लॅब, त्यानंतर खर्च. एवढं झालं की देश बहुतेक वेळा आपोआप ठरलेला असतो.

हा क्रम मी का धरून बसते ते सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मोटर चालवणारे इन्व्हर्टर तयार करण्याच्या कामावर होते. टेस्ट बेंचवर इन्व्हर्टर पूर्ण व्होल्टेजला नेला की एक आयजीबीटी, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, फुटायचा. बदलला की पुन्हा फुटायचा. अशी पाच मॉड्यूल गेली. वायरिंग तपासलं, हीटसिंक बदलला, डेडटाइम (एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतचा थांबा) वाढवला, काही उपयोग झाला नाही. खरं कारण मला दीड वर्षानं कळलं, एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरला, फळ्यासमोर बसून. स्विचच्या टोकांवरचं व्होल्टेज फार वेगानं चढलं की आतल्या मिलर कपॅसिटन्समधून गेटकडे, म्हणजे स्विचला चालू-बंद करणाऱ्या टोकाकडे, करंट ढकलला जातो. तो गेट रेझिस्टरमधून जाताना गेटचं व्होल्टेज उचलतो आणि जो स्विच बंद असायला हवा तो क्षणभर चालू होतो. वरचा आणि खालचा स्विच एकाच वेळी चालू, म्हणजे इन्व्हर्टरच्या डीसी पुरवठ्याचा सरळ शॉर्ट. स्विच बंद ठेवताना गेटला उणे व्होल्टेज द्यायचं, बंद करण्याच्या वाटेवरचा रेझिस्टर लहान ठेवायचा, गेटची जोडणी शक्य तितकी आखूड ठेवायची. या तीन गोष्टी केल्या असत्या तर ती पाचही मॉड्यूल वाचली असती.

त्या तासाला मी वहीत काही लिहिलंच नाही, नुसती ऐकत बसले. वर्गात माझ्यापेक्षा वरचा गेट रँक असलेली मुलं होती. पण कुठल्या तासाला कान टवकारायचे हे मला माहीत होतं, कारण मी प्रश्न सोबत घेऊन गेले होते. आज बावीस वर्षं याच क्षेत्रात आहे, मुलाखती घेते, आणि फरक तिथेच दिसतो. ‘मास्टर्समध्ये काय केलंत?’ या प्रश्नाला काही जण विषयांची यादी सांगतात. काही जण एका अडचणीची गोष्ट सांगतात. आम्ही दुसऱ्यांना घेतो.

आता विषयांकडे येऊ. ‘पॉवर’ हा शब्द तू सरसकट वापरला आहेस, पण त्यात निदान दोन वेगळी आयुष्यं आहेत.

पहिलं पॉवर सिस्टिम्सचं, म्हणजे ग्रिडचं, वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या जाळ्याचं. लोड फ्लो (कुठल्या लाइनमधून किती वीज वाहते याचा हिशेब), स्टॅबिलिटी, प्रोटेक्शन. तुझ्या घरात हे रोज बोललं जात असणार. ३० जुलै २०१२ ला उत्तर भारतातला ग्रिड कोसळला, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही कोसळले, साठ कोटींच्या आसपास लोकांना त्याचा फटका बसला. आपला पश्चिम ग्रिड वाचला. आपला का वाचला आणि बाकीचे का पडले, यावर तुला रात्रभर वाचत बसावंसं वाटत असेल तर हा विषय तुझा आहे. आज इथे एक मोठा बदल चालू आहे. औष्णिक केंद्रात टर्बाइन आणि जनरेटरचं जडशीळ फिरतं वजन असतं. ग्रिडवर अचानक भार वाढला की त्या फिरत्या वजनातली ऊर्जा पहिले काही सेकंद फ्रीक्वेन्सी सावरून धरते. सोलर इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही. सौर वीज वाढत जाईल तसा हा आधार कमी होत जातो. मग ग्रिडची ५० हर्ट्झची फ्रीक्वेन्सी धरून कोण ठेवणार? इन्व्हर्टरनेच ग्रिड उभा करायचा, त्याला ग्रिड-फॉर्मिंग म्हणतात, आणि त्याचं नियंत्रण कसं लिहायचं यावर जगभर काम चालू आहे. भारतानं २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचं लक्ष्य ठेवलं आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारात आलेला आहे. महाराष्ट्रातच चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ५०० केव्हीची, १५०० मेगावॉटची डीसी लाइन १९९९ पासून चालू आहे. बाबांच्या ओळखीनं रीतसर परवानगी काढून एखादं मोठं उपकेंद्र बघून ये, लोणीकंदचं ४०० केव्हीचं मिळालं तर उत्तम. कंट्रोल रूममध्ये दोन तास बस. कंटाळा आला तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राइव्ह्जचं. हे माझं, त्यामुळे माझं माप थोडं झुकलेलं असेल हे धरून चाल. पण पुण्यात राहणाऱ्या मुलाला या विषयाइतकी जवळची प्रयोगशाळा दुसरी नाही, असं मला मनापासून वाटतं. पिंपरी, आकुर्डी, चाकणचा वाहन उद्योग विजेवर सरकतो आहे, वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था आहे, आणि मोटर कंट्रोलर, चार्जर, बॅटरी व्यवस्थापन यांवर काम करणारे छोटे-मोठे गट भोसरीपासून बाणेरपर्यंत पसरले आहेत. सिलिकॉन कार्बाइडचे स्विच आल्यापासून व्होल्टेज आणखी वेगानं चढतं, म्हणजे मी वर सांगितलेला आजार आणखी बळावला आहे. काम भरपूर आहे, आणि नीट येणारी माणसं कमी.

कंट्रोल सिस्टिम्सबद्दल एवढंच सांगते: गणित आवडत असेल तरच घे. आणि ते आवडत असेल तर तुला ड्राइव्ह्ज, रोबॉटिक्स, ग्रिड कुठेही जाता येईल.

व्हीएलएसआय. इलेक्ट्रिकलहून तिकडे गेलेली आणि उत्तम काम करणारी मुलं माझ्या माहितीत आहेत. पण ते वळण आहे, आणि त्याची किंमत आधी मोजावी लागते. सेमिकंडक्टर डिव्हाइस, डिजिटल डिझाइन, अॅनालॉग सर्किट हे विषय तुझ्या अभ्यासक्रमात ओझरते आले असणार. प्रवेश देणारा प्राध्यापक तुझी मार्कशीट बघून पहिल्यांदा तेच शोधेल. ‘चिपमध्ये पगार चांगला’ एवढंच कारण असेल तर थांब. ट्रान्झिस्टर आकृतीत दिसला की त्याचा बायस काढल्याशिवाय तुला चैन पडत नसेल तर जा.

कसं ओळखायचं? विचार करून ओळखता येत नाही, करून बघावं लागतं. पुढचे आठ आठवडे, आठवड्याला सहा तास, एक छोटी गोष्ट पूर्ण कर. पॉवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा, १ अँपिअरचा बक कन्व्हर्टर बनव. तपकीर गल्लीत आणि बुधवार पेठेत सगळं सामान मिळतं. स्विचिंग १०० किलोहर्ट्झचं आणि इंडक्टर १०० मायक्रोहेन्रीचा धरलास तर इंडक्टरमधल्या करंटचा रिपल, म्हणजे चढउतार, सुमारे ०.२९ अँपिअर येईल. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलास तर पुस्तकी सूत्रानं व्होल्टेजचा रिपल चार मिलिव्होल्टच्याही आत निघतो. ऑसिलोस्कोपवर बघशील तर पन्नास-साठ मिलिव्होल्ट दिसतील. का? साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात स्वतःचा रोध असतो. तो ०.२ ओहम असला तरी ०.२९ गुणिले ०.२ म्हणजे ५८ मिलिव्होल्ट तिथेच आले. वर प्रोबची लांब ग्राउंड वायर आणखी काटेरी टोकं दाखवते, ती खरी नसतात. चार आणि साठ यांच्यामधली ही दरी बघून तुला राग आला आणि ती भरून काढावीशी वाटली, तर विषय सापडला. ‘बाईंना साठ दाखवून टाकू, मार्क मिळतील’ असं वाटलं, तर तेही प्रामाणिकपणे स्वतःशी कबूल कर.

ग्रिडकडे ओढा वाटत असेल तर कन्व्हर्टरऐवजी १४ बसच्या (जोडबिंदूंच्या) आयईईई नमुना जाळ्याचा लोड फ्लो स्वतः पायथनमध्ये लिही, तयार पॅकेज न वापरता. न्यूटन-राफसन ही समीकरणं सोडवायची रीत का अडते हे एकदा स्वतः अनुभवलंस की परीक्षेतलं उत्तर पाठ करावं लागत नाही. जे काही करशील त्याचे फोटो, वेव्हफॉर्म आणि चुका एका वहीत तारखेसकट ठेव. ही वही पुढे एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) लिहिताना, शिफारसपत्र मागताना आणि मुलाखतीत अशी तीनदा कामी येईल. पैसे देऊन लिहून घेतलेली एसओपी सगळ्यांची सारखीच वाचते. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं. तुझे साठ मिलिव्होल्ट दुसऱ्या कुणाकडे नसतात.

आता वाटा.

बाबांचं म्हणणं मी पहिलं घेते, कारण ते योग्य आहे, फक्त त्याचं कारण बाबांनी सांगितलं त्यापेक्षा मोठं आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि तिसऱ्या वर्षाला असतानाही परीक्षा देता येते. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ अॅप्टिट्यूडचे आणि १३च्या आसपास इंजिनिअरिंग गणिताचे. म्हणजे जवळजवळ २८ गुण असे आहेत की ज्यांना मशीन्स लागत नाहीत, पॉवर सिस्टिम्स लागत नाही. तुझं गणित कच्चं राहिलं होतं ना? मग तिथूनच सुरू कर. लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी. तू उद्या जर्मनीला गेलास तरी हा अभ्यास वाया जात नाही, कारण कंट्रोल आणि मशीन मॉडेलिंग यांवरच उभं आहे. आकड्यात उत्तर लिहायच्या प्रश्नांना उणे गुण नसतात, ते कोरे सोडू नकोस.

स्कोअर आल्यावर आयआयटी आणि आयआयएस्सीला प्रत्येकाकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि ऑफर सीओएपी या सामायिक पोर्टलवर स्वीकारायची असते. एनआयटीसाठी सीसीएमटी ही वेगळी प्रक्रिया आहे. दरवर्षी कुणी ना कुणी या दोन्हींत गल्लत करतो आणि हातातली जागा घालवतो. गेटवर प्रवेश घेणाऱ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आलं आहे. त्यात चैन होत नाही, पण घरून पैसे मागावे लागत नाहीत. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांत एम.टेक. करण्याचीही सोय आहे. ही वाट मुलं एक वर्ष जास्त म्हणून टाळतात. मला ती कमी लेखलेली वाटते, कारण त्या वर्षात लॅबची उपकरणं तुझ्या हातात असतात. पुण्यात राहायचं असेल तर सीओईपी आहे. १८५४ पासूनची संस्था, २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ. घरच्या जेवणावर एम.टेक. करणं यात कमीपणा काही नाही, फक्त प्रोजेक्ट उद्योगाशी जोडून घे. चाकण तासाभरावर आहे.

जर्मनी. भावाचं ऐक, पण हे आकडे सोबत ठेव. तिथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सेमिस्टरचं छोटं शुल्क असतं. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावलं आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो झाला. शिवाय एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, ते वेळ खातं, म्हणून कागद हातात येतील तसा अर्ज टाक. तुझे ७.८ त्यांच्या पद्धतीनं किती होतात ते काढू: दहातून ७.८ वजा, राहिले २.२; त्याला दहा आणि उत्तीर्णतेचा किमान ग्रेड यांच्यातल्या फरकानं भाग; तीननं गुण; एक मिळव. किमान ४ धरला तर २.१ येतो. बऱ्याच ठिकाणी २.५ च्या आत चालतं, म्हणजे तू रांगेत आहेस. त्यांचा खरा चाप विषय जुळण्यावर असतो. तुझ्या अभ्यासक्रमातलं गणित, इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल यांचे तास त्यांच्या बॅचलरशी ते ताडून बघतात. व्हीएलएसआयला अर्ज केलास तर नेमका तिथे अडशील.

आणि भाषा. कोर्स इंग्रजीत असला तरी कारखान्यातली वर्किंग स्टुडंटची नोकरी, टेस्ट बेंचवरच्या माणसांशी बोलणं, पुढची कायम नोकरी, सगळं जर्मनवर येऊन अडतं. जायच्या आधी बी१ या मधल्या पातळीपर्यंत पोचायला हवं असं माझं मत आहे. मॅक्समुलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. पुण्यात राहून जर्मन न शिकता जाणं म्हणजे नळ शेजारी असताना तहानलेलं राहणं. पण तो अभ्यास आजपासून लागतो, अर्जाच्या वर्षी नाही.

अमेरिकेबद्दल मी पैशापासून सुरू करते, कारण तिथे चूक झाली तर ती एकट्या तुझी राहत नाही. दोन वर्षांचा खर्च राहण्यासकट ४० लाखांच्या पुढे सहज जातो. ४० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षं फेड: महिन्याचा हप्ता सुमारे ५३,००० रुपये, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. एवढ्या कर्जाला बँक बहुतेक वेळा तारण मागते. तुमचा फ्लॅटच तारण असेल आणि बाबा चार वर्षांनी निवृत्त होणार असतील, तर हा हिशेब तिघांनी एका टेबलाशी बसून करा, आईसह. पदवीनंतर तिथे बारा महिने काम करण्याची मुभा मिळते, आणि इंजिनिअरिंगसारख्या विषयांना आणखी चोवीस. त्यापुढचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर आहे. सोडत लागेल असं धरून घर तारण ठेवू नये, हे मी अगदी स्पष्ट सांगते. भारतातल्या पगारावर तो हप्ता फिटेल का, हा प्रश्न विचारून मग पुढे जा. काउन्सेलरची यादी घे आणि प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिही: इथे थीसिस करता येतो का, आणि माझ्या विषयात गेल्या तीन वर्षांत कुणी शोधनिबंध लिहिले आहेत. ज्या नावापुढे काही लिहिता आलं नाही ते खोड. आठातली तीन राहिली तर खूप झालं.

शिष्यवृत्त्यांबद्दल कॉलेजात चौकशी कर. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्याही योजना असतात. पहिल्या दोन संस्था पुण्यातच आहेत, स्वतः जाऊन अटी वाच. जर्मनीसाठी डीएएडी ही शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था आहे, पण तिथे बहुधा आधी नोकरीचा अनुभव बघतात.

आधी नोकरी करू का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतं. त्या आठ आठवड्यांनंतरही विषय सापडला नाही, तर दोन वर्षं नोकरी कर. मात्र ती टेस्टिंग, डिझाइन किंवा प्रोटेक्शनमधली कर, पगार कमी असला तरी. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत वाईट काही नाही, पण तिथून दोन वर्षांनी इलेक्ट्रिकलमध्ये परत येताना शिफारस द्यायला इलेक्ट्रिकलचा माणूस उरत नाही. गेट शेवटच्या वर्षी दिलीस तर तिचा स्कोअर तोवर जिवंत असतो, हाही एक फायदा.

तारखा उलट्या मोज. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, काही चांगल्या विद्यापीठांचे अर्ज त्याच वर्षी मार्चच्या सुरुवातीलाच बंद होतात. अमेरिकेचे बरेचसे डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत तुझा विषय ठरलेला, इंग्रजीची परीक्षा झालेली आणि दोन प्राध्यापकांशी बोलणं झालेलं हवं. शिफारसपत्र मागायला जाताना नुसती मार्कशीट घेऊन जाऊ नकोस, ती वही घेऊन जा. सरांच्या डोक्यात साठ मुलं असतात. वहीत त्यांना लिहायला काहीतरी सापडतं.

राहिलेल्या गणिताबद्दल तुला लाज वाटते आहे हे ओळींमधून दिसलं. लपवू नकोस, ते ट्रान्सक्रिप्टवर आहेच. एसओपीमध्ये एका वाक्यात लिही की पहिल्या वर्षी हा विषय राहिला, आणि पुढच्या वाक्यात लिही की आज तेच गणित कुठे वापरतोस. लोड फ्लोचा कोड असेल तर तो दाखव. आणि ट्रान्सक्रिप्टचा अर्ज विद्यापीठात अर्ज करायच्या महिन्यात टाकू नकोस, निदान दोन महिने आधी टाक, चार प्रती जास्त घे.